अपघाताचं समन्स आलंय? 'इन्शुरन्सवाले बघतील' म्हणून स्वस्थ बसू नका

पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर गाडी कुणाला तरी लागते, जखमी माणूस भरपाईचा दावा लावतो आणि काही महिन्यांनी शिवाजीनगर कोर्टातून समन्स घरी येतं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा तो कागद नीट वाचा. जाबदारांत, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध दावा आहे त्यांच्यात, गाडीमालकाचं नाव असतं आणि विमा कंपनीचंही. दोघं एकाच बाजूला आहेत असं समजून लोक पाकीट कपाटात टाकतात. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक.

कंपनीने नेमलेला वकील आधी कंपनीचं हित बघतो. ड्रायव्हरकडे वैध लायसन्स नव्हतं, असं तो तुमच्याविरुद्धच मांडू शकतो. कायद्यानेच कंपनीला तो बचाव दिलाय. तुम्ही गैरहजर राहिलात की प्रकरण एकतर्फी चालतं. मग कंपनीने जखमीला आधी पैसे द्यावेत आणि मालकाकडून वसूल करावेत, असाही हुकूम होऊ शकतो. इजा किंवा मृत्यूच्या भरपाईत थर्ड पार्टी विम्याला कमाल मर्यादा नसते, त्यामुळे हा आकडा घर विकायला लावू शकतो.

स्वर्ण सिंग प्रकरणात 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की पॉलिसीची अट मोडल्याचं आणि त्यात मालकाचा दोष असल्याचं कंपनीनेच सिद्ध करायचं. पण ड्रायव्हर ठेवताना तुम्ही लायसन्स बघितलं होतं, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? म्हणून स्वतःचा वकील द्या, वकीलपत्र आणि लेखी म्हणणं वेळेत दाखल करा, सोबत लायसन्स, आरसी आणि पॉलिसीच्या प्रती जोडा.

समन्सची प्रत त्याच दिवशी कंपनीला मेल करा आणि पोच जपून ठेवा. आलेला प्रत्येक कागद लगेच कळवायचा, ही पॉलिसीतलीच अट आहे. कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही की पैशांचा शब्द द्यायचा नाही, हीसुद्धा. मात्र या भीतीने जखमीला रस्त्यावर सोडून जाऊ नका! त्याला दवाखान्यात नेणं हे चालकाचं कायदेशीर कर्तव्यच आहे.

पोलिसांनी दाखल केलेला फौजदारी खटला वेगळा चालतो, त्याचा दंड विमा कंपनी भरत नाही.

आणि गाडी विकली असेल तर आरसीवर कुणाचं नाव आहे ते आजच बघा. नाव तुमचंच राहिलं असेल तर भरपाईची जबाबदारीही तुमचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय.