फ्लोट ट्यूबवरून गळ टाकताना: आधी परतणे शिकावे

फ्लोट ट्यूब म्हणजे हवा भरलेले, यू आकाराचे आसन. त्यात बसणाऱ्याचे पाय पाण्यात राहतात आणि पायांत चढवलेल्या फिन्स, म्हणजे पोहण्याचे रबरी पंखे, मारून तो सरकतो, तोही पाठीच्या दिशेने. काठावरून गळ जिथे पोहोचत नाही, तिथे आवाज न करता जाण्यास हे साधन उत्तम आहे. मात्र गळ टाकण्याआधी परत येण्याचा सराव झालेला असावा.

कोल्हापूर परिसरात पहिला निर्णय जागेचा, आणि ती जागा नदी नसावी. शिरोळकडील कृष्णाकाठी मगरी आहेत आणि इथे तर पाय पाण्यातच लोंबकळत असतात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांजवळ बर्ग्यांच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्यांच्या, फटींतून पाणी जोराने ओढले जाते. पंचगंगेत जलपर्णी फिन्समध्ये गुंतते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी भरताच आपोआप उघडतात, शिवाय तो परिसर अभयारण्याचा आहे. म्हणून एखादा शांत पाझर तलाव किंवा गावतलाव निवडावा. तिथे मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. तिची आणि ग्रामपंचायतीची परवानगी आधी घ्यावी आणि पाण्याखाली जुनी जाळी कुठे आहेत, हेही त्याच वेळी विचारावे.

ट्रकच्या ट्यूबवर बसून मासे धरणारे आपल्याकडे दिसतात, पण तिच्यात हवेचा कप्पा एकच असतो. तो फाटला की सगळेच संपले. फ्लोट ट्यूब घेताना वेगवेगळे कप्पे असलेलीच घ्यावी. हवा काठावर उन्हात ठासून भरू नये, कारण तापल्यावर ती फुगते. पाण्यात उतरल्यावर थंडाव्याने ट्यूब सैल पडली, तर थोडी हवा पुन्हा भरावी. लाइफ जॅकेट पोहता येणाऱ्यानेही घालावे आणि एकटे कधीही जाऊ नये.

काठावर बाभळीचे काटे बघून ते झाडून घ्यावेत. फिन्स पाण्याच्या कडेला चढवाव्यात आणि पाठीमागे पावले टाकत, सोबत्याचा आधार घेत, पाणी मांड्यांपर्यंत येताच आसनात बसावे. फिन्स घालून पुढे चालू लागलेला माणूस हमखास तोंडावर पडतो.

मग वारा पाहावा. सुरुवातीला वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जावे, म्हणजे पाय थकल्यावर वाराच काठाकडे आणतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी आभाळ भरून येऊ लागले, की वळवाची वाट न पाहता बाहेर पडावे. पहाटेची वेळ सर्वांत भरवशाची.

बैठक पाण्यालगत असल्याने फार आखूड काठीची दोरी मागे फेकताना पाण्याला लागते. सात फुटांच्या आसपासची काठी सोयीची पडते. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी चरतो, त्यानुसार तरंडा (दोरीवरचा तरंगता खुणेचा तुकडा) ते गळ हे अंतर ठेवावे. कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून केलेला घट्ट गोळा या तिघांनाही चालतो. मरळ मात्र हवा घ्यायला वर येतो. त्याच्यासाठी पाणगवताच्या कडेने आमिष म्हणून रबरी बेडूक सावकाश ओढत न्यावा. लालसर पिल्लांचा थवा दिसला, तर तिथला मरळ त्यांची राखण करत असतो. त्याला सोडून द्यावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

मोठा मासा लागला की ट्यूबच फिरू लागते. तेव्हा काठीने जोर न करता पाय हळूहळू मारत माशाकडे तोंड ठेवावे, तो दमल्यावर हातजाळीत घ्यावा. गळाचा उलटा दात पक्कडीने आधीच दाबून ठेवलेला असल्यास गळ सहज सुटतो. शिंगाळा असेल, तर मांडीवर अजिबात घेऊ नये: त्याच्या परांचे ताठ काटे हाताला झोंबतात आणि ट्यूबलाही भोक पाडतात. तो जाळीतच धरून काठापर्यंत न्यावा आणि गळ तिथेच काढावा.