म्बिरा शिकताय? या चुका टाळा

म्बिरा म्हणजे लाकडी पाटीवर बसवलेल्या धातूच्या पट्ट्या बोटांनी छेडून वाजवायचं वाद्य. नवी म्बिरा हातात आली की पहिली तक्रार येते ती खरखरीची. "वाद्य बिघडलंय, झणझणतंय." मग पाटीवरची बाटल्यांची बुचं उपटून टाकली जातात. कृपया तसं करू नका. झिंबाब्वेचे शोना लोक ती मुद्दाम लावतात. आधी त्यांच्या जागी शंख असत. तंबोऱ्याची जवारी कानात मुरलेल्या माणसाला हा आवाज लवकर कळेल. मीही पहिला आठवडा बुचांवर कापड दाबून वाजवलं. कापड काढल्यावर तेच सूर मोठे झाले, खोलीभर पसरले.

खरा बिघाड वेगळा असतो. एकच पट्टी किरकिरत असेल, तर ती शेजारच्या पट्टीला घासते का, घोडीवर सैल झाली आहे का, ते बघा.

दुसरी चूक फोनवरच्या ट्यूनरची. प्रत्येक कारागिराची म्बिरा स्वतःच्या सुरात लावलेली असते, ती पियानोशी जुळेलच असं नाही. नवीन असाल तर पट्ट्यांना हात लावू नका. लावायचाच झाला तर आधी मूळ सूर ध्वनिमुद्रित करून ठेवा. पट्टी आत सारली की सूर चढतो, बाहेर ओढली की उतरतो.

कलिंबाचे धडे बघून म्बिरा येत नाही. कलिंबा हे ह्यू ट्रेसी यांनी १९५०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत बनवून जगभर पोहोचवलेलं वाद्य. ते दोन अंगठ्यांवर चालतं. 'म्बिरा द्झावाद्झिमु', म्हणजे पूर्वजांची म्बिरा, हिला साधारण २२ ते २८ पट्ट्या असतात. दोन्ही अंगठे पट्ट्या खाली दाबतात, उजवी तर्जनी मात्र खालून वर छेडते. उजवी करंगळी पाटीच्या भोकात घालायची, नाहीतर तर्जनीला जोर येत नाही आणि मनगट दुखतं.

"एकट्यानं वाजवलं की पोकळ वाटतं," असंही ऐकू येतं. वाटणारच. कुशाउरा हा एका वादकाचा भाग, कुत्सिन्हिरा दुसऱ्याचा. दोन्ही एकमेकांत गुंतले की कोणीच न वाजवलेली धून ऐकू येते. ती चक्रासारखी फिरत राहते, त्यामुळे सुरुवात कुठे, शेवट कुठे, हे शोधत बसू नका. फेऱ्यात कुठूनही शिरा.

सर्वांत जास्त सलते ती चूक म्हणजे हिला भुताखेतांचं वाद्य म्हणणं. मिशनऱ्यांनी तेच म्हटलं होतं. 'बिरा' या रात्रभर चालणाऱ्या विधीत घरचे लोक जमतात, होशो हे खुळखुळे वाजतात, टाळ्या आणि नाच सुरू होतो. स्विकिरोच्या, म्हणजे माध्यमाच्या, अंगात पूर्वज आले की घरातलं आजारपण, भांडण त्यांच्यापुढे मांडलं जातं. झिंबाब्वेच्या म्बिरावादक स्टेला चिवेशे शिकू पाहत होत्या तेव्हा बायकांना सहसा कोणी शिकवत नसे. त्यांना शिकायला मिळालं आणि पुढे त्यांनी ही म्बिरा जगभरच्या रंगमंचांवर नेली. त्यांचं ध्वनिमुद्रण ऐकताना खरखर कमी करू नका, बास वाढवू नका. होशोच्या ठेक्यावर टाळी धरा आणि एकच धून अर्धा तास चालू द्या.