मुलांना जागेचं वर्णन लिहायला कसं शिकवायचं

'बागेचं वर्णन करा' असं सांगितलं की वर्गातल्या सगळ्या वह्यांत एकच बाग उगवते. रंगीबेरंगी फुलं, थंडगार वारा, पक्ष्यांचा किलबिलाट, आणि शेवटी डोळ्यांचं पारणं फिटतं. यात मुलांचा काही दोष नाही हो, लहानपणापासून हीच वाक्यं पाठ करून मार्क मिळालेत त्यांना, मग ती दुसरं काय लिहिणार. मी बरीच वर्षं लेखन शिकवतेय आणि माझं मत आता पक्कं झालंय, की मुलांकडे शब्द कमी नसतात, लिहिताना ती जागा त्यांच्या डोळ्यांसमोर आलेलीच नसते. त्यामुळे शब्दसंग्रह नंतर, आधी बघायला शिकवा.

पहिल्या तासाला पेन बाजूला ठेवायला सांगा. डोळे मिटायचे, घड्याळ लावून 2 मिनिटं, आणि काम एकच, सगळ्यात जवळचा आवाज कुठला आणि सगळ्यात लांबचा कुठला ते शोधायचं. पहिला अर्धा मिनिट खुसखुस होतेच, होऊ दे, मग एकदम शांत होतात आणि पंख्याची टकटक, शेजारच्या वर्गातला खडूचा आवाज, कुणाच्या तरी नाकातली घरघर असं सगळं यायला लागतं. मग डोळे मिटूनच बाकाची कड हाताने चाचपायची, वास घ्यायचा, आणि डोळे सगळ्यात शेवटी उघडायचे. हा क्रम मुद्दाम ठेवलाय, कारण डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी सगळ्यांच्या सारख्याच निघतात, कान-नाक-हात मात्र प्रत्येकाला वेगळं काहीतरी देतात. त्यानंतर एकेकाने एकच गोष्ट सांगायची आणि आधी कुणी सांगितलेली चालणार नाही. शेवटच्या बाकापर्यंत पोचता पोचता मुलं इतकं बारीक बघायला लागतात की बघत राहावं!

आता माझं सगळ्यात आवडतं हत्यार म्हणजे एक प्रश्न, 'तुला कसं कळलं?' एका मुलाने लिहिलं होतं, 'वर्ग खूप घाणेरडा होता.' मी विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाला, घाणेरडाच आहे ना. बरं, पण तुला कुठे जाणवलं, डोळ्याला, नाकाला, की हाताला? जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, बाकाखाली हात गेला ना, तर तिथे च्युइंगम लागतं, कडक झालेलं, आणि मी लगेच हात चड्डीला पुसतो. झालं की! मी म्हटलं हेच लिही, 'घाणेरडा' हा शब्द आता खोडून टाक. 'सुंदर', 'भयानक', 'प्रसन्न', 'जुना', 'भव्य' हे सगळे निकाल आहेत आणि पुरावा दाखवला की निकाल वाचणाराच लावतो. हा प्रश्न इतक्या वेळा विचारा की मुलं तो एकमेकांना विचारायला लागतील.

दुसरा व्यायाम चित्राचा. जोड्या करा. एकाने आपलं वर्णन सावकाश वाचायचं, दुसऱ्याने ऐकता ऐकता पेन्सिलीने जागेचं चित्र काढायचं, मध्ये प्रश्न विचारायचा नाही, चित्र चांगलं आलं नाही तरी चालतं. पेन्सिल जिथे थांबते तिथे लिहिणं धूसर आहे. 'खोलीत बरंच सामान होतं' या वाक्याला पेन्सिल हवेतच राहते आणि 'दारामागे तीन सुटकेस एकावर एक, सगळ्यात वरचीला दोरी बांधलेली' म्हटलं की लगेच चालायला लागते. लिहिणाऱ्याला हे समोर दिसतं, मला लाल पेनाने काही सांगावंच लागत नाही. चित्रात खिडकी दाराच्या जागी आली तर मुलाला आपोआप कळतं की वर्णनाला वाट हवी, म्हणजे दारातून आत येताना नजर आधी कुठे पडते, मग कुठे वळते. लांबून जवळ या, नाहीतर जवळून लांब जा, पण छत, चप्पल, खिडकी, परत छत अशा उड्या नकोत.

मग भाषा. इथे मराठी आपल्याला भरभरून देते आणि आपण ते मुलांना दाखवतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. वासाचे शब्द घ्या, कुबट, खवट, करपट, आंबूस, उग्र. हवा कोंदट असते, दमट असते, ओलसर असते. आवाज तर विचारूच नका, पानं सळसळतात, पाणी खळखळतं, दार करकरतं, बांगड्या किणकिणतात, भांडी खणखणतात. रंगाचंही तसंच, लालभडक, हिरवागार, काळाकुट्ट एवढंच मुलांना येतं, पण रोज दिसणारा रंग बहुतेक वेळा मधलाच असतो, पांढुरका, काळपट, पिवळट, तांबूस, मातकट. फक्त यादी पाठ करायला देऊ नका प्लीज, नाहीतर जुनी पाठ केलेली बाग जाऊन नवी पाठ केलेली बाग येईल. वस्तू हातात द्या, जुनं पुस्तक नाकाशी धरायला सांगा, आणि मगच 'कुबट' हा शब्द द्या. तो मग कधी विसरत नाहीत.

क्रियापदांकडेही बघा. 'टेबल होतं, खुर्ची होती, पडदा होता' अशी हजेरी लागली की मी 'होता-होती-होतं' ला गोल करायला लावते आणि सांगते, एका परिच्छेदात दोनच चालतील, बाकीच्या वस्तूंना काहीतरी करू दे. पडदा फुगतो आणि खिडकीच्या जाळीला चिकटतो, खुर्ची एका पायावर लंगडते. पण भिंती रडायला आणि दिवे हसायला लागले की थांबवा. उपमांचंही तेच, मोत्यांसारखे दवबिंदू सगळ्यांनी लिहून झालेत, दिवसभरात स्वतः पाहिलेल्या गोष्टीची उपमा मागा, नसेल सुचत तर उपमा नको.

थोड्या मोठ्या मुलांना, साधारण सातवी-आठवीपासून पुढे, हा व्यायाम नक्की द्या. हॉस्पिटलबाहेरचा बाक, एकच जागा, दोन माणसं. एकाच्या घरी नुकतंच बाळ झालंय, दुसऱ्याला आत काय चाललंय ते अजून कुणी सांगितलेलं नाही. दोघांच्या नजरेने पाच-पाच ओळी लिहायच्या, पण आनंद, दुःख, काळजी, भीती यातला एकही शब्द वापरायचा नाही आणि बाळ किंवा आजारपण याचाही उल्लेख नाही. एका मुलीने दुसऱ्या माणसासाठी लिहिलं होतं की तो समोरच्या भिंतीवरच्या फरशा मोजतोय, आडव्या अकरा, उभ्या सात, आणि दार वाजलं की आकडा विसरतो आणि परत पहिल्यापासून मोजतो. वर्ग एकदम गप्प झाला होता. जागेचं वर्णन हे बघणाऱ्याचंही वर्णन असतं हे मी तोंडाने कितीही सांगितलं असतं तरी असं पोचलं नसतं.

एक अडचण येणारच. हे सगळं शिकवल्यावर मुलं पाचही इंद्रियं हजेरीपटासारखी भरायला लागतात, दिसलं, ऐकू आलं, वास आला, चव लागली, सगळं ओळीने, आणि गोष्ट तिथेच अडकून बसते. मग कापायला शिकवा. दहा ओळी लिहायच्या आणि त्यातल्या फक्त चार ठेवायच्या. कुठल्या ठेवायच्या? ज्या त्याच जागेच्या आहेत, दुसऱ्या कुठल्याही खोलीला लागू पडणाऱ्या नाहीत त्या. जीव तुटतो मुलांचा, पण कापलेल्या ओळी वहीच्या मागच्या पानावर जपून ठेवायला सांगितलं की तयार होतात.

आणि तपासताना नुसतं 'छान' लिहू नका. जे वाक्य वाचताना तुम्हाला ती जागा खरंच दिसली त्याखाली रेघ ओढा आणि बाजूला 'दिसलं' एवढंच लिहा. एका वहीत एक रेघ आली तरी पुष्कळ. पुढच्या वेळी तेच मूल वही देताना आधी विचारतं, बाई, आज किती रेघा?