ईव्हीची बॅटरी पेटली तर या चुका टाळा, आणि 'विझली' म्हणून घरात तर नेऊच नका

ई-स्कूटर रिपेअरिंग करतो, त्यामुळे उन्हाळा लागला की फोन सुरू. आमच्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, लोक भर दुपारी गाडी दामटून येतात आणि आल्या आल्या चार्जिंगला लावतात. अरे, आधी चहा प्या, तासभर थंड होऊ द्या तिला.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते "विझली म्हणजे संपलं" याने. अमळनेरजवळच्या एका गावातली गोष्ट. गाडी खड्ड्यात आदळली, बॅटरीला खालून दगड लागला, थिनरसारखा गोडसर वास यायला लागला, तरी भाऊंनी रात्री चार्जिंगला लावलीच. धूर निघाला, मग ज्वाळा. पोराने दुकानातला पावडरचा लाल सिलेंडर मारला, अर्ध्या मिनिटात आग गायब. "विझी गई भो, आते काय?" म्हणून गाडी ढकलत गोठ्याशेजारी नेली, कडब्याला लागून! रात्री दोनला परत पेटली. बैल सोडले म्हणून वाचले. सकाळी मी गेलो तर फटाक्याच्या रिकाम्या नळ्यांसारखे बॅटरीतले छोटे सेल अंगणभर पडलेले.

पावडरने ज्वाळा दबते पण आतली उष्णता तशीच राहते, एक सेल तापला की शेजारच्याला तापवतो, आणि काही सेल तर तापले की स्वतःच ऑक्सिजन सोडतात, मग वाळू टाका नाहीतर गोणपाट, आतलं चालूच. थंड करायला पाणीच लागतं, तेही भरपूर, दोन बादल्यांनी काही होत नाही. माझी सवय सांगतो: आधी मेन स्विच बंद, माणसं लांब, १०१ ला फोन, आणि फोनवर "इलेक्ट्रिक गाडी आहे" हे स्पष्ट सांगायचं. पाण्याची नळी मारायची तर लांबून, वारा आपल्या पाठीमागून येईल अशा बाजूने, ते पण गाडी उघड्यावर असेल तरच. विझल्यावर घर, गाड्या, कडबा सगळ्यापासून पन्नास फूट लांब मोकळ्यात ठेवा, आणि निदान एक दिवस नजर ठेवा. कंटाळा आला म्हणून आत आणू नका, ती काही तासांनीच काय, काही दिवसांनी पण पेटू शकते.

दुसरं म्हणजे तो पांढरा धूर. लोकांना वाटतं वाफ आहे, मोबाईल काढून जवळ जातात. भाऊ, तो धूर पेट घेतो आणि त्यात हायड्रोजन फ्लोराईड असू शकतो, फुफ्फुसं जाळणारा. तोंडाला ओला रुमाल बांधून काही उपयोग नाही. आणि शटर बंद असलेल्या खोलीत धूर साचला असेल तर शटर उघडायला जाऊ नका, स्फोट होऊ शकतो.

बाकीचं थोडक्यात. बॅटरीतून गळालेला द्रव उघड्या हाताने पुसू नका, अंगाला लागलाच तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा आणि लगेच डॉक्टरकडे. इलेक्ट्रिक कारची नारिंगी वायर, म्हणजे हाय व्होल्टेजची, दिसली की हात मागे. फुगलेली बॅटरी "एकदा चार्ज करून बघू" हे बंद करा. जिन्याखाली चार्जिंग नको, पळायची वाट तीच असते. "माझी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी आहे, पेटतच नाही" म्हणणाऱ्यांनो, पेटायची शक्यता कमी असते, शून्य नसते.

अमळनेरवाल्या भाऊंनी नंतर नवी गाडी घेतली. आता लिंबाखाली मोकळ्यात लावतात, तेवढं ऐकलं. चार्जिंगची वायर मात्र जुनीच, दोन ठिकाणी टेप मारलेली.