बसला म्हणजे जुळला असं नाही: छोटे आरएफ कनेक्टर घेताना या चुका टाळा

दर आठवड्याला कुणीतरी वायरलेस मोटर कंट्रोलरचा किंवा हवामान केंद्राचा डबा घेऊन माझ्याकडे येतं. तक्रार ठरलेली असते, "टेबलावर चालतं, शेतात चालत नाही." रेडिओ मॉड्यूल बदलून झालेलं असतं, अँटेना दोनदा बदललेली असते. आरएफ कनेक्टरकडे, म्हणजे मॉड्यूल, केबल आणि अँटेना यांच्यातल्या रेडिओ सिग्नलच्या जोडाकडे, मात्र कुणी पाहिलेलं नसतं, कारण तो व्यवस्थित बसलेला असतो.

सगळ्यात मोठा घोळ एसएमए आणि आरपी-एसएमए (आरपी म्हणजे रिव्हर्स पोलॅरिटी) या आट्यांच्या दोन छोट्या कनेक्टरांचा. दोघांचे आटे एकच, त्यामुळे एकमेकांवर ते बिनतक्रार फिरतात. फरक फक्त मधल्या पिनेचा. साध्या एसएमएमध्ये आतून आटे असलेल्या नटाच्या बाजूला पिन असते आणि बाहेरून आटे असलेल्या बाजूला भोक. आरपीमध्ये नेमकं उलट. वायफाय राउटरच्या अँटेना बहुतेक आरपीच्या असतात, आणि स्वस्त मिळाली म्हणून तीच अँटेना लोक ८६५ मेगाहर्ट्झच्या मॉड्यूलला लावतात. ती मुळात २.४ गिगाहर्ट्झसाठी बनलेली, ही पहिली चूक. भोकासमोर भोक येतं, ही दुसरी.

हे मी स्वतः भोगलंय. अंबड तालुक्यातली मोसंबीची बाग, मे महिना, विहीर घरापासून पाऊण किलोमीटरवर. घरातून मोटर चालू-बंद करायचा डबा मी बसवून दिला होता. अँटेना मागवल्या त्या ८६५ च्याच, पण टोक आरपीचं निघालं आणि घाईत मी ते पाहिलं नाही. दुकानात दहा फुटांवर सगळं झकास चाललं. शेतात दोनशे मीटरच्या पुढे एक अक्षर पोचेना. दोन चकरा झाल्या. खांब उंच केला, पॉवर वाढवली, मॉड्यूल बदललं. इकडे झाडं पाण्यावाचून माना टाकत होती आणि ते काका दिवसातून चार वेळा पायी विहिरीवर जात होते. तिसऱ्या दिवशी लिंबाच्या सावलीत बसून अँटेना खोलली आणि टॉर्च मारला. दोन्हीकडे भोक. पिन कुठेच नव्हती. जवळून चालत होतं ते फक्त फटीतून झिरपणाऱ्या सिग्नलवर. काका वाकून बघत म्हणाले, "म्हणजे कुलपात किल्लीच गेली नव्हती." योग्य अँटेना लावल्यावर पहिल्याच दाबाला मोटर सुरू झाली.

तेव्हापासून सवयच लागलीय. नवीन कनेक्टर हातात आला की आटे बघायच्या आधी टॉर्च मारून मधला भाग बघतो. मग मल्टीमीटरने केबलच्या एका टोकाच्या पिनेपासून दुसऱ्या टोकाच्या पिनेपर्यंत बीप तपासतो, आणि पिन व बाहेरचं कवच यांच्यात शॉर्ट नाही ना, तेही. दोन मिनिटं लागतात. ज्यांना ही दोन मिनिटं जड वाटतात, त्यांचे तीन दिवस जातात. शिवाय अँटेनाच जोडली गेली नसेल तर ट्रान्समीटरची पॉवर उलटी परत येते आणि जास्त वॅटच्या सेटमध्ये शेवटचा ट्रान्झिस्टर जाऊ शकतो.

दुसरं दुखणं यू.एफएलचं, म्हणजे बोर्डावर टिकलीएवढा दिसतो तो कनेक्टर. त्याचं आयुष्य साधारण ३० वेळा काढ-घाल एवढंच धरलेलं आहे. साध्या एसएमएचं ५०० च्या आसपास. नवशिकी पोरं प्रयोग करताना एका संध्याकाळी वीस वेळा तो उपटतात, तेही वायर धरून. मग पकड सैल होते आणि सिग्नल कधी येतो, कधी जातो. असा अधूनमधूनचा दोष शोधणं सगळ्यात कठीण. मी यू.एफएल ते एसएमए पिगटेल, म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली आखूड केबल, एकदाच लावतो, एसएमए डब्याच्या पत्र्याला नटने आवळतो आणि पुढची सगळी काढ-घाल बाहेरूनच करतो. यू.एफएल काढलाच, तर बोर्डावर मार्करने एक ठिपका देतो. एमएचएफ-४ दिसायला तसाच पण आणखी छोटा असतो. तो यू.एफएलवर दाबून बसवू नका, दोन्ही जातील.

आवळताना नटच फिरवा, अँटेना किंवा केबल नाही. केबल फिरली की मधली पिन सॉकेटमध्ये घासत जाते. पक्कड तर लांबच ठेवा. ८ मिलिमीटरचा पाना घ्या. पितळी एसएमएला साधारण अर्धा न्यूटन-मीटर पुरतो, म्हणजे बोटांनी घट्ट करून वर हलकासा झटका.

ट्रॅक्टरवर जीपीएस बसवताय? तिथे हादरे बसतात, म्हणून दाबून बसणारे एमसीएक्स, एमएमसीएक्स कनेक्टर नकोत, आट्यांचाच घ्या.

एसएमए १८ गिगाहर्ट्झपर्यंत चालतो म्हणून त्याच्यामागची केबलही तशी असेल, असं नाही. आरजी-१७४ सारखी बारीक केबल ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास मीटरमागे जवळपास १ डीबी (सिग्नल घटल्याचं माप) खाते. तीन मीटर ओढली की निम्मी पॉवर वाटेतच गेली. म्हणून आधी केबल ठरवा, मग तिच्याच मापाचा कनेक्टर. आरजी-५८ या जाड केबलचा क्रिम्प (दाबून बसवायचा) कनेक्टर बारीक केबलवर टेप गुंडाळून बसवलेला मी पाहिलाय. हात लावताच निघून आला.

डिशची ७५ ओहमची केबल ५० ओहमच्या सेटला जोडली तर मापं न जुळल्याने सुमारे ४ टक्के पॉवर परत फिरते. फक्त ऐकायच्या सेटला एवढं चालून जातं, मला ते मान्य आहे. नडतात ते मधले तीन-तीन ॲडॉप्टर. प्रत्येक जोड म्हणजे सैल व्हायची आणि पाणी शिरायची एक जागा.

पाण्याचं तर बोलायलाच हवं. साधी काळी इन्सुलेशन टेप मराठवाड्याच्या उन्हात पातळ होऊन ओघळते आणि मृगाच्या पहिल्या सरीला पाणी सरळ आत जातं. स्वतःला चिकटणारी रबरी टेप घ्या, ताणून खालून वर गुंडाळा, म्हणजे कौलांसारखा वरचा थर खालच्यावर येतो. कनेक्टरच्या आधी केबलला खाली एक झोळ द्या. पुढच्या वेळी खोलायचं झालं की ब्लेडने अलगद उभा छेद द्या आणि जुनी टेप फेकून नवीन लावा.