आलिशान एसयूव्हीमागे कॅम्पर ट्रेलर जोडताय? या चुका टाळा

ग्रॅम्पियन्सच्या डोंगरात चार दिवस राहून आम्ही मेलबर्नला परत निघालो होतो. बॅलरॅट मागे पडलं, पेंटलँड हिल्सचा उतार सुरू झाला आणि उजवीकडून एक लांबलचक ट्रक पुढे निघून गेला. त्याच्या वाऱ्याचा झोत बसला तसा आमचा कॅम्पर ट्रेलर (मुक्कामाची सोय असलेला ट्रेलर) डावीकडे झुलला, मग उजवीकडे, मग आणखी जोरात डावीकडे. मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. गाडीच्या स्टॅबिलिटी यंत्रणेने एकेका चाकाला ब्रेक लावत झोका आवरला. पाच-सहा सेकंदांचा खेळ. मागच्या सीटवर भारतातून आलेले आई-बाबा होते आणि दोन्ही मुलं होती. बाकस मार्शला गाडी बाजूला घेतली तेव्हा माझे हात थरथरत होते.

जाताना हाच ट्रेलर, हीच गाडी आणि हाच रस्ता होता, पण काहीच झालं नव्हतं. फरक सामान लावण्यात होता. जाताना ट्रेलरच्या एक्सलच्या पुढे असलेली १२० लिटरची पाण्याची टाकी भरलेली होती. येताना ती रिकामी होती, आणि गाडीत जागा नाही म्हणून तीन सायकली ट्रेलरच्या अगदी शेपटाला बांधल्या होत्या. घरी आल्यावर दोन्ही तऱ्हांनी सामान लावून टोबॉलवरचं, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या गाडीमागच्या गोळ्यावरचं, वजन मोजलं. जातानाचं भरलं १७० किलो आणि येतानाचं ९५ च्या आसपास.

आमची गाडी युरोपीय बनावटीची, एअर सस्पेन्शनची, म्हणजे हवेच्या जोरावर उंची आपोआप सावरणारी. त्या ७५ किलोंच्या फरकाचा तिने पत्ताही लागू दिला नाही. या लेखाचं कारण हेच आहे. महागडी एसयूव्ही ट्रेलर उत्तम ओढते, पण आपण काय चुकलो ते लपवतेही तितकंच उत्तम. साध्या गाडीचं बूड खाली बसतं, इंजिन घुरघुरतं, स्टिअरिंग हलकं लागतं आणि ड्रायव्हर सावध होतो. इथे आत शांतता असते आणि गाडी सरळ रेषेत उभी दिसते.

‘३५०० किलो ओढते’ एवढंच वाचणं

लँड रोव्हर डिस्कव्हरी, टोयोटा लँड क्रूझर ३०० अशा गाड्यांच्या माहितीपत्रकात ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी ३५०० किलो हा आकडा ठळक छापलेला असतो. आपले बरेच लोक तो पाहतात, ट्रेलरचं वजन २००० किलो आहे हे पाहतात आणि निश्चिंत होतात. खरी अडचण बहुतेक वेळा ट्रेलरच्या वजनात नसते. ती गाडीच्या पोटात असते.

ऑस्ट्रेलियात तीन आकडे पाहायचे. जीव्हीएम म्हणजे माणसं, सामान, इंधन धरून गाडीचं जास्तीत जास्त वजन. एटीएम म्हणजे भरलेल्या ट्रेलरचं जास्तीत जास्त वजन. जीसीएम म्हणजे गाडी आणि ट्रेलर मिळून. यात लोक विसरतात ते एवढंच, की ट्रेलरचा जो भार टोबॉलवर येतो तो गाडीच्या पोटातलं सामान म्हणून मोजला जातो.

हिशोब करून बघा. समजा गाडीचं जीव्हीएम ३००० किलो आहे आणि रिकामी गाडी २४०० किलोची. हातात राहिले ६००. पाच माणसांचे ३५०, टोबॉलवरचे २००. उरले ५० किलो, आणि त्यात टोबार (टोबॉल धरणारी दांडी), छतावरची रॅक, डिकीतला फ्रिज आणि सगळ्यांच्या बॅगा बसवायच्या. सात सीटची गाडी आहे म्हणून आजी-आजोबांना सोबत घेतलं, की हिशोब तिथेच मोडतो. इंजिनला हे कळत नाही, ते तसंच ओढत राहतं. मर्यादेपलीकडे वजन भरून अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, हेही ध्यानात असू द्या.

युरोपीय गाड्यांत आणखी एक खाच आहे. तिकडे ट्रेलरचा पुढचा भार हलका ठेवण्याची पद्धत आहे, इथे तो ट्रेलरच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास धरतात. त्यामुळे एखादी गाडी २७०० किलो ओढते म्हणते, पण टोबॉलवर मर्यादा १४० किलोंची असते. तिथे दहा टक्क्यांच्या नियमाने १४०० किलोंच्या पुढचा ट्रेलर जोडताच येत नाही. टोबॉलची मर्यादा वेगळी लिहिलेली असते. गाडी विकत घेण्याआधी ती वाचा.

एअर सस्पेन्शनने गाडी सरळ केली, म्हणजे भार सारखा झाला असं मानणं

मला सगळ्यात जास्त हे सांगायचंय, म्हणून इथे थोडा वेळ घेतो.

टोबॉल मागच्या एक्सलच्याही मागे असतो. गाडी म्हणजे मागच्या एक्सलवर टेकलेली तरफ. शेपटावर भार टाकला की नाक उचललं जातं. टोबॉल मागच्या एक्सलपासून १.२ मीटर मागे आहे, दोन्ही एक्सलमधलं अंतर २.९ मीटर आहे आणि बॉलवर ३०० किलो आहेत असं धरा. ३०० गुणिले १.२ भागिले २.९, म्हणजे सुमारे १२४. एवढे किलो पुढच्या एक्सलवरून कमी होतात आणि मागच्या एक्सलवर ३०० नाही, ४२४ किलो वाढतात.

आता एअर सस्पेन्शन मागच्या बाजूला हवा भरून गाडी उचलतं. गाडी सरळ दिसते, हेडलाइट रस्त्यावर नीट पडतात. पण तरफेचं गणित हवेने बदलत नाही. पुढून गेलेले १२४ किलो परत येत नाहीत. वळवण्याचं सगळं आणि थांबवण्याचं बरंचसं काम ज्या चाकांवर आहे तीच हलकी झालेली असतात, आणि ड्रायव्हरला वाटतं सगळं झकास आहे.

साध्या स्प्रिंगच्या गाड्यांसाठी यावर वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे भार पुढे-मागे वाटणारी जोडणी, हा उपाय आहे. त्याच्या दांड्या ताणल्या की थोडा भार पुन्हा पुढे सरकतो. पण आपोआप पातळी राखणाऱ्या सस्पेन्शनबरोबर त्या दांड्यांची ओढाताण होते, आणि काही उत्पादक त्या वापरायला साफ मनाई करतात. ओळखीच्या कुणी लावल्यात म्हणून लावू नका. आपल्या गाडीची पुस्तिका उघडा. मनाई असेल तर हाती एकच उपाय राहतो, तो म्हणजे हलका ट्रेलर आणि नीट लावलेलं सामान.

टोबॉलची उंची मोजतानाही घाई होते. माणसांना आत बसता-उतरता यावं म्हणून गाडी खाली बसलेली असताना मोजली तर चालवताना ट्रेलरचं नाक वर जातं. गाडी भरा, इंजिन चालू करून नेहमीच्या उंचीवर येऊ द्या, मग मोजा. ट्रेलर जमिनीला समांतर किंवा नाकाकडे किंचित झुकलेला हवा.

सामान जिथे मावेल तिथे कोंबणं

जड वस्तू एक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, आणि खाली. दुसरी बॅटरी, डब्यांची पेटी, कुकर-तवे, पोळपाट, दहा किलो आटा, सगळं तिथेच. शेपटाला हलक्या गाद्या आणि खुर्च्या चालतील. सायकली आणि सरपण तिथे नको. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा टाकी कुठे आहे ते बघा आणि भरलेली-रिकामी अशा दोन्ही वेळचं बॉल वजन एकदा मोजून लिहून ठेवा. त्यासाठीचा छोटा काटा दुकानात मिळतो. पूर्ण वजनासाठी सार्वजनिक वजनकाट्यावर जा. आधी गाडी-ट्रेलर एकत्र, मग नुसता ट्रेलर. माहितीपत्रकातलं रिकामं वजन कापडी चांदणी (ऑनिंग), बॅटऱ्या, भरलेले गॅस सिलिंडर बसवण्याआधीचं असू शकतं, त्यावर विसंबू नका.

आणि झोका बसलाच तर? गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका, स्टिअरिंगने झोक्याचा पाठलाग करू नका, वेग वाढवून ट्रेलर सरळ करण्याच्या भानगडीत तर पडूच नका. पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ब्रेक कंट्रोलरच्या (गाडीतून ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक चालवणाऱ्या यंत्राच्या) बटणाने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लावा. त्या संध्याकाळी माझा हात त्या बटणाकडे गेलाच नाही. आता दर सहलीआधी मोकळ्या रस्त्यावर न बघता ते बटण शोधायचा सराव करतो.

ब्रेक कंट्रोलर गाडीतच असेल असं गृहीत धरणं

युरोपात ट्रेलरला बहुधा धक्क्यावर चालणारे ओव्हररन ब्रेक असतात. गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात. म्हणून गाडी कितीही महाग असली तरी तिच्या मूळ वायरिंगमध्ये इलेक्ट्रिक ब्रेकची तार नसू शकते. ऑस्ट्रेलियातले जड कॅम्पर बहुतेक इलेक्ट्रिक ब्रेकचे. सातपिनी चपटा प्लग जोडला, दिवे लागले, म्हणजे ब्रेकही लागतात असं नाही. त्यासाठी पाचव्या पिनेपर्यंत कंट्रोलरची निळी तार यावी लागते.

कायदा थोडक्यात असा. ७५० किलोंच्या पुढे ट्रेलरला ब्रेक हवेत. चाकांवरचं वजन २००० किलोंच्या पुढे गेलं की सगळ्या चाकांना ब्रेक, आणि ट्रेलर सुटलाच तर आपोआप लागून किमान १५ मिनिटं टिकणारी ब्रेकअवे यंत्रणा.

कंट्रोलर बसवला तरी जोर जुळवावा लागतो. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने जा आणि नुसते ट्रेलरचे ब्रेक दाबा. चाकं लॉक होऊन घासली तर जोर कमी करा, ट्रेलरची ओढ जाणवलीच नाही तर वाढवा. वजन बदललं की पुन्हा जुळवा.

उतारावर याच्या जोडीला गिअर हवा. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे खंडाळ्यात आणि कात्रजला शिकलेलं इथेही लागू आहे. आठ गिअरची ऑटोमॅटिक गाडी आपणहून वरच्या गिअरला पळते, म्हणून उतार सुरू होण्याआधीच मॅन्युअल मोडमध्ये गिअर पाडा. माउंट हॉथमच्या उतारावर क्रूझ कंट्रोल लावून बसलात तर तो वेग धरण्यासाठी पुन्हा पुन्हा ब्रेक दाबू शकतो, आणि तापलेले ब्रेक नेमके शेवटच्या वळणावर दगा देतात.

गाडी तक्रार करते, पण कशाची ते कळत नाही

डॅशबोर्डवर ‘ट्रेलरचा बल्ब गेला’ असं येतं आणि दिवे मात्र लागलेले दिसतात. ट्रेलरला एलईडी दिवे असले की असं होतं. ते इतका कमी करंट घेतात की गाडीला बल्बच सापडत नाही. कधी कधी ट्रेलर जोडलाय हेच गाडीला कळत नाही. मग रिव्हर्स घेताना सेन्सर बोंबलतात, मागचा आपोआप ब्रेक लागतो आणि ट्रेलरसाठीची स्टॅबिलिटी यंत्रणा जागीच होत नाही. हे शेवटचं गंभीर आहे. एलईडीसाठीचं लोड मॉड्यूल, म्हणजे गाडीला साध्या बल्बएवढा करंट दाखवणारा भाग, बसवून घ्या. तारेला जोड मारून वेळ मारून नेऊ नका, या गाड्यांचं वायरिंग त्याला साजेसं नसतं.

दिवसभर गाडी चालवूनही कॅम्परचा फ्रिज संध्याकाळी बंद पडलेला असतो. नव्या गाड्यांतला स्मार्ट अल्टरनेटर (इंजिनवर चालून बॅटरी भरणारा) इंधन वाचवण्यासाठी व्होल्टेज पाडतो. त्यात ट्रेलरपर्यंतची लांब, बारीक तार. कॅम्परची बॅटरी भरतच नाही. फ्रिजवाल्याला दोष देण्याआधी जाड तार, अँडरसन प्लग (जास्त करंट पेलणारा) आणि ट्रेलरच्या बाजूला डीसी-डीसी चार्जर (पडलेलं व्होल्टेज वाढवून बॅटरी भरणारा) बसवा. आमच्याकडे दोन किलो कोळंबी फेकावी लागली, तेव्हा कुठे कारण सापडलं.

शोरूमचे टायर घेऊन कच्च्या रस्त्यावर

एकवीस इंची रिम आणि पातळ टायर शहरात देखणे दिसतात. फ्लिंडर्स रेंजेसच्या दगडी रस्त्यांवर त्यांच्या कडा कापल्या जातात, आणि काही गाड्यांत पुरती स्टेपनीही नसते, नुसता पंक्चरचा डबा. ब्रेकवर बसेल तेवढं लहान रिम आणि जाड टायर घ्या, पूर्ण आकाराची स्टेपनी घ्या.

खडीवर मागची काच फुटली की सगळे समोरून आलेल्या गाडीला दोष देतात. बऱ्याचदा दगड आपलाच असतो. आपल्या चाकांनी उडवलेला खडा ट्रेलरच्या पत्र्यावर आपटून उलटा काचेवर येतो. ट्रेलरच्या पुढे तिरकी जाळी बसवली आणि चाकांमागे रुंद मडफ्लॅप लावले की हे बरंचसं थांबतं.

एकदा निघालं की थेट मुक्कामीच थांबणं

पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरवर थांबा आणि चाकांचे नट पान्याने तपासा, विशेषतः चाक नुकतंच काढून बसवलं असेल तर. साखळ्या, शॅकल (त्या अडकवायच्या कड्या), प्लग पाहा. मग ट्रेलरच्या प्रत्येक हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) हाताची मागची बाजू न्या. दोन्ही सारखेच कोमट असतील तर ठीक. एकच हब चटका देत असेल तर त्या बाजूचा ब्रेक अडकून घासतोय किंवा बेअरिंग जातंय. आधी जॅक लावून चाक हाताने फिरवा. घासल्यासारखं वाटलं तर ब्रेकचं ॲडजस्टमेंट सैल करा. खरखर आली किंवा चाक हातात डुगडुगलं, तर पुढच्या गावापर्यंतही जाऊ नका. बेअरिंगचा एक सेट, ग्रीस आणि सील डब्यात ठेवावं, आणि वर्षातून एकदा किंवा दहा हजार किलोमीटरला ग्रीस बदलून घ्यावं. किनाऱ्यावर बोट उतरवणारे, नदी ओलांडणारे असाल तर त्याहून लवकर.