ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल बघायचंय? आधी एवढी तयारी करा

आधी बॉनेट नको, मॅन्युअल उघडा. गाडी ऑटोमॅटिक आहे म्हणजे गिअरबॉक्सला डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, असणारच, असं धरून चालू नका. 2014 मध्ये मारुतीच्या सिलेरियोबरोबर आपल्याकडे आलेला एएमटी प्रकार म्हणजे मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, त्यात क्लच दाबणं आणि गिअर बदलणं यंत्र करतं एवढंच. आजकालच्या बऱ्याच टॉर्क कन्व्हर्टर (ऑइलच्या दाबावर चालणारा नेहमीचा ऑटोमॅटिक) आणि सीव्हीटी (ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) गाड्यांनाही डिपस्टिक नसते. त्यांची लेव्हल गाडी लिफ्टवर सपाट उचलून, स्कॅनरवर ऑइलचं तापमान बघून, गिअरबॉक्सचा बोल्ट काढून त्या भोकातून तपासतात. तुमची गाडी यातली असेल तर घरी काही उघडू नका. जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर चुकूनही शिरू नका. वर्कशॉपमध्ये जा आणि लेव्हल कोणत्या तापमानाला बघणार, हे तिथे विचारून घ्या.

डिपस्टिक असेल तर ती नेमकी कोणती, हे मॅन्युअलमधल्या चित्रावरून ओळखा. इंजिन ऑइलची पट्टी वेगळी, गिअरबॉक्सची वेगळी. इंजिन ऑइल गिअरबॉक्समध्ये गेलं तर खर्च मोठा. ऑइलचा ग्रेडही तिथेच लिहिलेला असतो, तो फोनमध्ये टिपून ठेवा. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात किंवा कुठल्याही दुकानात ‘सगळ्या ऑटोमॅटिकला हेच चालतं’ असं म्हणून डबा पुढे केला तर घेऊ नका. सीव्हीटीचं ऑइल साध्या ऑटोमॅटिकला चालत नाही, आणि उलटही नाही.

आता जागा. मुंबईत खरी अडचण हीच. गाडी सपाट उभी हवी, आणि आपल्या इमारतींत सपाट जमीन सहज सापडत नाही. आमचं चेंबूरचं स्टिल्ट पार्किंग डोळ्यांना सरळ दिसतं. एकदा तिथल्या लादीवर पाण्याची भरलेली बाटली आडवी ठेवली, तर ती गडगडत गटाराच्या जाळीपर्यंत गेली. पाणी वाहून जावं म्हणून दिलेला तो उतार. तेव्हापासून मी आधी बाटली ठेवतो, मग गाडी लावतो. रॅम्प नको, स्टॅक पार्किंगचा पाळणा नको. आणि बेसमेंट तर मुळीच नको. तपासताना इंजिन चालू ठेवावं लागतं, आणि धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. उघड्यावरच बघा.

वेळ रविवार सकाळची. ऑइल गरम हवं, साधारण 70 ते 80 अंश, म्हणून पंधरा-वीस मिनिटं नीट गाडी चालवावी लागते. मी ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने मुलुंडपर्यंत जाऊन परत येतो. संध्याकाळी सायनच्या कोंडीतून सरकत घरी आल्यावर लगेच लेव्हल बघू नका, विशेषतः मे महिन्यात. तेव्हा ऑइल गरजेपेक्षा जास्त तापलेलं असतं आणि पट्टीवर चढलेलं दिसतं. अर्धा तास थांबा.

थंड गाडीचं उलटं होतं आणि ते मला महागात पडलंय. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजच्या मुलाने रात्रभर उभ्या गाडीची पट्टी काढली, ‘कमी आहे’ म्हणाला आणि अर्धा लिटर ओतलं. थंड ऑइल आकसतं, म्हणून पातळी खाली दिसत होती. दुपारी गाडी तापल्यावर तेच ऑइल वर चढलं, आतल्या फिरत्या भागांनी घुसळून त्याचा फेस झाला. फेसाला दाब धरता येत नाही. घाटकोपरच्या पुलावर गाडी रेस होत होती, पण पुढे ओढत नव्हती. मागून बस येत होती.

सोबतीला गाडी चालवता येणारं एक माणूस हवंच. माझा भाचा येतो. हँडब्रेक पूर्ण ओढायचा, चाकांना पुढून-मागून वीट किंवा लाकडी ठोकळा लावायचा, गाडीसमोर कुणी उभं राहायचं नाही, लहान मुलं वर घरी. भाच्याने ब्रेक दाबून लिव्हर पी, आर, एन, डी असा प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबवत फिरवायचा आणि पुन्हा पीवर आणायचा, म्हणजे ऑइल सगळ्या वाटांत भरतं. दर वेळी तो विचारतो, ‘मामा, पाय काढू?’ आणि मी म्हणतो, ‘मी सांगेपर्यंत नको रे.’ बहुतेक गाड्यांत यानंतर इंजिन चालू ठेवूनच बघायचं असतं. होंडाच्या अनेक जुन्या ऑटोमॅटिकमध्ये मात्र इंजिन बंद केल्यावर 60 ते 90 सेकंदांच्या दरम्यान बघायचं असतं. म्हणून पुन्हा सांगतो, मॅन्युअल.

बॉनेटवर वाकण्याआधी ओढणी, गळ्यातली साखळी, अंगठी, घड्याळ काढून ठेवा, केस बांधा. रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होतो. पुसायला धागे न सोडणारं कापड घ्या. जुना बनियन नको, एक तंतूसुद्धा गिअरबॉक्सच्या बारीक झडपांत अडकू शकतो.

पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत बसवा, पुन्हा काढा. दोन्ही बाजू बघा आणि जी कमी दिसते ती खरी धरा. पातळी ‘हॉट’च्या दोन खुणांच्या मध्ये हवी. मग एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टेकवा. चांगलं ऑइल बहुतेक गाड्यांत लालसर, पारदर्शक पसरतं. काळपट आणि जळकट वासाचं असेल तर गॅरेज गाठा. स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी, दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या ठिकाणी गाडी पाण्यात अडकली असेल तर ती सुरूच करू नका. ड्राइव्हची, म्हणजे इंजिन फिरवतं ती, चाकं रस्त्यावर ठेवून ओढून नेऊही नका, अख्खी गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रक मागवा.

लेव्हल कमी भरली तर लक्षात घ्या, हे ऑइल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. कुठेतरी गळती आहे. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका आणि सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. भरायचं झालंच तर लांब नळीच्या नरसाळ्याने एका वेळी पाव लिटरपेक्षाही कमी ओता, आणि दर वेळी नव्याने तपासा. सांडलेलं ऑइल, भिजलेलं फडकं गटारात नको, आपल्या गटाराचं पाणी शेवटी खाडीत जातं. बरणीत भरून गॅरेजला द्या.

टिश्यू फेकू नका. मी त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहून सर्व्हिस बुकात घालतो. पुढच्या खेपेला नवा थेंब जुन्याशेजारी ठेवला की रंग किती बदलला ते लगेच दिसतं.